स्मृतिचषक, हंगामापूर्वीचे मैदान आणि डॉक्टर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि मनःशांती या विषयांवरचे उत्तम लेख वाचावयास मिळतात. यंदा मी फुटबॉलवर लिहू इच्छितो असे सांगितले तेव्हा संपादक महोदयांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्यांचेही बरोबर होते. बडोदे हे क्रिकेटचे गाव. विजय हजारे यांचे नाव घेतल्यावाचून येथील क्रीडाविषयक गप्पा संपत नाहीत आणि मोतीबागेच्या मैदानाशी आपल्यातील अनेकांच्या तरुणपणाच्या आठवणी बांधलेल्या आहेत. तरीही फुटबॉलवर लिहावे असे वाटण्यास एक कारण आहे. गेली काही वर्षे आमच्या भागातील एका फुटबॉल मंडळाच्या स्मृतिचषक स्पर्धेत मी ‘मैदानावरचा डॉक्टर’ म्हणून बसतो. त्या खुर्चीवर बसून जे शिकलो, आणि एकदा जे चुकलो, ते आपणां सर्वांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

स्मृतिचषक म्हणजे काय?

बहुतेक फुटबॉल मंडळांचा एक ठरलेला वार्षिक क्रम असतो. साखळी सामन्यांचा मुख्य हंगाम, त्यानंतरची विश्रांती आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीचे चार ते सहा आठवड्यांचे तयारीचे दिवस. या तयारीच्या दिवसांत नवे खेळाडू पाहून घ्यायचे असतात, जुन्यांच्या अंगावरची सुस्ती उतरवायची असते आणि संघ म्हणून एकत्र खेळण्याचा सराव करायचा असतो. म्हणून एखादी छोटी स्पर्धा भरवली जाते. ती मंडळाच्या संस्थापकाच्या, एखाद्या गुरूच्या किंवा अकाली गेलेल्या सहकाऱ्याच्या नावे असली की तिला स्मृतिचषकाचे रूप येते. सराव आणि स्मरण या दोन्ही गरजा एकाच चषकाने भागतात.

जगातील मोठमोठ्या क्लबांनीही हेच केले आहे. बार्सिलोना हा क्लब १८९९ साली स्थापन करणारे जोन गाम्पेर १९३० साली निवर्तले. त्यांच्या नावाचा चषक क्लबने १९६६ साली सुरू केला आणि हंगामाच्या तोंडावर, बहुधा ऑगस्टमध्ये, तो खेळला जातो. रिअल माद्रिदनेही आपले दीर्घकाळचे अध्यक्ष सान्तियागो बर्नाबेउ १९७८ साली गेल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांच्या नावे असाच चषक सुरू केला. आपल्या देशात संतोष ट्रॉफी ही राज्यांची स्पर्धा १९४१ साली सुरू झाली, तीही संतोष संस्थानचे महाराज सर मन्मथनाथ रायचौधुरी यांच्या स्मरणार्थ. १८८८ साली सिमल्याकडे सुरू झालेली ड्युरंड स्पर्धा स्मृतिचषक नव्हे. तिचे नाव सर मॉर्टिमर ड्युरंड यांनी स्वतः दिलेल्या चषकावरून आले. परंतु २०२२ ते २०२५ या वर्षांत ती जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान भरली आणि देशातील मोठ्या संघांनी तिच्याकडे पुढील हंगामाची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले.

कोल्हापूरचा वारसा

माझे आजोळ कोल्हापूरचे. त्यामुळे फुटबॉल मी प्रथम पाहिला तो तालमींचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना हे नवल वाटेल, पण कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उतरतात. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ आणि जुने प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथल्या लहान पोरालाही पाठ असतात. जेथे लाल मातीत शड्डू ठोकले जात होते तेथल्याच पोरांनी पायात बूट घातले. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन हे सामने चालवते आणि ते राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. आधी साखळी सामने, मग एकामागून एक चषक. कुणी दिवंगत खेळाडूच्या नावे, कुणी कार्यकर्त्याच्या, कुणी पुढाऱ्याच्या. सामन्याच्या दिवशी पेठापेठांत झेंडे लागतात आणि मामाच्या घरी त्या संध्याकाळी जेवणे उशिराच होत. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आजोळचे निम्मे नातेवाईक आपल्याच घरचे लग्न असल्यासारखे वागत होते.

बडोद्यालाही शरीरसंवर्धनाची परंपरा परकी नाही. प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले, आणि व्यायामाबरोबरच हाडवैद्यकासाठीही त्यांची ख्याती होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत येथूनच प्रसिद्ध झाला. मैदान आणि वैद्यक यांचे नाते या गावाने फार पूर्वी ओळखले होते. आज आपण दवाखान्यात अडकलेले डॉक्टर ते विसरलो आहोत, इतकेच.

हंगामापूर्वी शरीरात काय घडते?

सामान्य प्रेक्षकाला वाटते की पहिले सामने सोपे, कारण खेळाडू ताजेतवाने असतात. वैद्यकीय दृष्टीने परिस्थिती नेमकी उलट असते. सुट्टीत हृदयाची आणि स्नायूंची क्षमता उतरलेली असते, पण खेळाडूच्या मनातील स्वतःचे चित्र मागच्या हंगामातलेच असते. मन धावते आणि मांडीमागचा स्नायू फाटतो.

यात आपल्याकडे उन्हाची भर पडते. शरीर उष्णतेला सरावण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते; मग घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. हा सराव एका दिवसात होत नाही आणि पाणी कितीही प्यायले तरी त्याची जागा भरून निघत नाही. त्यातही जूनचा पहिला पंधरवडा बडोद्यात विशेष फसवा. पारा मे महिन्यापेक्षा थोडा उतरलेला दिसतो, आभाळ येते, लोक म्हणतात ‘बरे वाटते’. परंतु हवेत दमटपणा आलेला असतो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून क्रीडावैद्यक केवळ तापमान पाहत नाही. दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक पाहते. हा निर्देशांक ३२ अंशांवर गेला की प्रत्येक अर्ध्यात, साधारण तिसाव्या आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला, तीन मिनिटे खेळ थांबवून खेळाडूंना गार करण्याची पद्धत फिफाने घालून दिली. २०१४ सालच्या ब्राझीलमधील विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. आमच्या मंडळाची स्पर्धा आठ संघांची, बाद पद्धतीची. पूर्वी ती चार दिवसांत उरकत असे: पहिले दोन दिवस उपांत्यपूर्व, तिसऱ्या दिवशी दोन्ही उपांत्य, चौथ्या दिवशी अंतिम. म्हणजे दुसऱ्या दिवशी खेळून जिंकणारा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला तर त्याला सलग तीन दिवस खेळावे लागे. युरोपातील एका व्यावसायिक संघाच्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की आठवड्यात एकाऐवजी दोन सामने खेळल्यास दुखापतींचे प्रमाण सुमारे सहा पटींनी वाढते. तेथे खेळाडूंच्या दिमतीला आहारतज्ज्ञ, मालिशवाले आणि बर्फाची स्नानगृहे असतात. आमच्या पोरांच्या दिमतीला एक पाण्याचा जग होता.

ती दुपार

आता माझ्या चुकीबद्दल. काही वर्षांपूर्वीची, तिसऱ्या दिवसाची गोष्ट. उपांत्य सामना दुपारी साडेतीनला सुरू झाला, कारण पारितोषिक वितरणासाठी येणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळी अन्यत्र जावयाचे होते. वसतिगृहातून परीक्षा देऊन दोनच दिवसांपूर्वी परतलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा मधल्या फळीत खेळत होता. आदल्या दिवशी तो पूर्ण सामना खेळला होता. उत्तरार्धात तो चेंडूच्या विरुद्ध दिशेने चालू लागला. प्रेक्षक हसले. मीही प्रथम गमतीनेच पाहिले. मग तो गुडघ्यावर बसला आणि मी जवळ पोहोचेपर्यंत आडवा झाला.

तो बडबडत होता, अंग तापले होते, पण घाम होता. विद्यार्थिदशेत मनात बसलेले ‘उष्माघातात कातडी कोरडी असते’ हे वाक्य मला आठवले आणि त्यानेच घात केला. श्रमजन्य उष्माघातात रुग्ण घामाने निथळत असू शकतो. मी काखेत तापमापक लावला, १०३ फॅरनहाइट. काखेतील तापमान अशा वेळी फसवते. गुदद्वारातील तापमानच विश्वसनीय. मी सलाईन लावले, ताप उतरवणारे इंजेक्शन दिले आणि गाडी बोलावली. त्या इंजेक्शनचा उष्माघातात उपयोग नाही, कारण हा ताप मेंदूने वाढवलेला नसतो. गाडीला वाटेत वरात लागली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. तेथे मोजलेले तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर होते.

स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आला. काही आठवडे त्याला कृत्रिम मूत्रपिंडाचा आधार घ्यावा लागला. तो वाचला. रुग्णालयातील सहकाऱ्यांनी शर्थ केली. पण मला स्वतःला एक प्रश्न टाळता आला नाही. मैदानाबाहेर, पन्नास पावलांवर, सरबताच्या गाडीवर बर्फाची अख्खी लादी होती. मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते.

या विषयातील आजचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: आधी थंड करा, मग हलवा. वर्तन बदललेले आहे आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या पलीकडे आहे असे दिसताच रुग्णाला बर्फाच्या पाण्यात, मानेपर्यंत, बसवावे. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांच्या खाली आणणे हे उद्दिष्ट. मोठा टब नसेल तर ताडपत्री चालते. चौघांनी तिची टोके धरावीत, मध्ये रुग्ण, वरून पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहावे. डोके सांभाळण्यास एक माणूस निराळा हवा. हे करायला वैद्यकीय पदवी लागत नाही. आधी ठरवून ठेवलेले असावे लागते.

छातीतला शत्रू

उष्माघाताला निदान मिनिटे मिळतात. हृदय थांबले तर सेकंद मोजावे लागतात. २००३ साली २६ जून रोजी कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए लिऑन येथील सामन्यात कोणाचाही धक्का न लागता कोसळला आणि गेला. त्याच्या हृदयाचे स्नायू जन्मजात विकाराने जाड झालेले होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी धडकला आणि पुन्हा उठला नाही. त्याचा १० क्रमांक डेम्पोने नंतर कोणाला दिला नाही. तोही एक स्मृतिचषकच म्हणायचा, फक्त तो कोणी जिंकू शकत नाही.

याउलट १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये फाब्रिस मुआम्बा कोसळला, तेव्हा प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. अँड्र्यू डीनर खाली मैदानात धावले. ७८ मिनिटे हृदय आपणहून नीट चालत नव्हते, तरी तो वाचला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. सहकाऱ्यांनी भोवती कडे केले, छातीदाब तत्काळ सुरू झाला, विद्युत्-झटका दिला गेला. छातीत यंत्र बसवून तो आठ महिन्यांनी व्यावसायिक फुटबॉलमध्ये परतला.

या घटनांतील फरक नशिबाचा थोडा आणि तयारीचा फार. झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून धक्का न लागता कोसळलेला आणि प्रतिसाद न देणारा खेळाडू हा, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, हृदय थांबलेला रुग्ण समजावा. तो अधूनमधून आचके देत असेल किंवा झटके आल्यासारखे हातपाय हलवत असेल तरी फसू नये. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात आपल्याकडे किती अमूल्य मिनिटे गेली असतील याची गणती नाही.

धोका आधी ओळखता येईल काय? इटलीने १९८२ साली खेळाडूंची हृदय-आलेखासह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतातील १९७९ ते २००४ या काळाच्या अभ्यासात तरुण खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण ८९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अमेरिकेतील तज्ज्ञांचा भर मात्र कौटुंबिक इतिहास, लक्षणे आणि स्टेथोस्कोपवर आहे, कारण निरोगी खेळाडूचा आलेखही कधीकधी रोग्यासारखा दिसतो आणि विनाकारण मुलाचा खेळ सुटतो. वाद संपलेला नाही. परंतु तीन प्रश्न तर कोणालाही विचारता येतात. धावताना कधी शुद्ध हरपली का? धावताना छातीत दुखते का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तपासणी झाल्याखेरीज मैदान बंद.

आम्ही काय बदलले?

त्या दुपारनंतर मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर बसून आम्ही काही नियम केले. ते इतर मंडळांनाही उपयोगी पडावेत.

स्पर्धा सलग चार दिवसांऐवजी शनिवार-रविवारवर पसरली. पहिल्या शनिवारी-रविवारी उपांत्यपूर्व, पुढच्या शनिवारी सकाळी उपांत्य आणि तिसऱ्या फेरीचा ताण नको म्हणून अंतिम सामना त्यापुढच्या रविवारी. सामने सकाळी सात वाजता किंवा दिवेलागणीच्या सुमारास. पाहुण्यांच्या सोयीने वेळ बदलायची नाही, हे कार्यवृत्तात लिहून ठेवले. दहा दिवस सराव केल्याशिवाय कोणालाही पूर्ण सामना खेळता येत नाही.

प्रत्येक सामन्याआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम सक्तीचा केला. फिफाने २००६ साली पुढे आणलेल्या या पंधरा व्यायामांच्या संचाने दुखापती तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होतात असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला एक पैसा खर्च येत नाही. पहिल्या वर्षी पोरांनी त्याला ‘डॉक्टरांची कवायत’ म्हणून हिणवले. आता संघनायकच शिट्टी फुंकतो.

डोक्याला मार लागून कोणी क्षणभरही गोंधळला तर तो त्या दिवशी पुन्हा खेळत नाही. अशा खेळाडूच्या जागी जादा बदली देण्याची मुभा २०२४ पासून खेळाच्या मुख्य नियमावलीतच आहे. त्यामुळे संघाचे नुकसान होते ही सबब उरली नाही.

आणि रेषेबाहेर पाण्याचा टब, बर्फाच्या दोन लाद्या, ताडपत्री, गुदद्वारी तापमापक आणि वर्गणीतून घेतलेले झटका देणारे स्वयंचलित यंत्र. चषकापेक्षा हे यंत्र महाग पडले. कार्यकारिणीत कुरकुर झाली. तेव्हा ज्यांच्या नावे हा चषक आहे त्यांच्या पत्नी, सत्तरी ओलांडलेल्या काकू, म्हणाल्या, “चषक लहान केला तरी त्यांना राग यायचा नाही. पोराला काही झाले तर येईल.” त्यानंतर कुरकुर थांबली.

एका डॉक्टर-कर्णधाराचे स्मरण

शेवटी आपल्याच व्यवसायातील एका थोर खेळाडूचे नाव घेतो. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व करणारे डॉ. तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतील चांगकी गावचे. मुलाने डॉक्टर व्हावे ही त्यांच्या दिवंगत वडिलांची इच्छा. कोलकात्यात कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना ते मोहन बागानकडून खेळत. लंडनमध्ये उद्घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वज त्यांच्या हाती होता आणि फ्रान्सविरुद्ध आपला बहुतांशी अनवाणी खेळणारा संघ १-२ असा निसटता हरला. तेथून परतल्यावर त्यांनी १९५० साली पदवी घेतली, पुढे कोहिमाच्या रुग्णालयात सेवा केली आणि नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक म्हणून ते निवृत्त झाले. १९९८ साली ते गेले. २००९ पासून ईशान्येकडील राज्यांत त्यांच्या नावाचा चषक खेळला जाऊ लागला. खेळाडू म्हणून मिळालेली कीर्ती त्यांनी रुग्णांच्या सेवेत खर्च केली. आपल्याला त्यांची उंची गाठता येणार नाही. पण वर्षातले चार-सहा दिवस मैदानाच्या कडेला बसणे तरी खचित जमेल.

माझी आपल्या मंडळातील सर्व सहकाऱ्यांना विनंती आहे की, आपल्या वस्तीत, मुलांच्या शाळेत, नातवाच्या शिबिरात जेथे कोठे स्पर्धा असेल तेथे एकदा जाऊन विचारावे: बर्फ कोठे आहे? यंत्र कोठे आहे? गाडी कोणत्या दाराने आत येईल? आणि डॉक्टर नसलेल्या वाचकांना विनंती अशी की, छातीदाब शिकून घ्यावा. तो शिकायला एक सकाळ पुरते.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. स्पर्धात्मक सामने खेळण्याचा सल्ला त्याला नाही. तरीही प्रत्येक जूनमध्ये तो स्पर्धेला येतो, सामन्याआधी तासभर पोचतो आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता बर्फाच्या लाद्या पोत्यातून काढून टबाशेजारी रचतो. आजवर त्या टबात एकदाच एका खेळाडूला बसवावे लागले. गाडी येण्यापूर्वी तो स्वतःचे नाव, संघाचे नाव आणि गोलांची संख्या बरोबर सांगू लागला होता. संघ हरत होता, हेही त्याने सांगितले.